पाहण्याने जग घडते का?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला सांगितले, "विज्ञानावर काहीतरी बोला." नेमके कशावर बोलायचे ते माझ्यावरच सोडले. मी जो विषय घेतला आहे तो आता मोबाइलवरून घरोघर पोचलेला आहे. तुम्हीही तो ऐकला असेल. कोणीतरी सुटाबुटातला वक्ता सांगत असतो, "क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय, आपण पाहतो म्हणून जग आहे. जसा विचार कराल तसं वास्तव घडेल." आणि आपल्यातलेच काही जण त्यापुढे जोडतात, "हे तर भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

ऐकायला बरे वाटते. पण बरे वाटणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. म्हणून आज आपण तीन गोष्टी बघू. हे शास्त्र काय म्हणते, काय म्हणत नाही, आणि त्यामुळे आपल्या संसारात काय फरक पडतो. अवघड वाटेल तिथे थांबवा, मला काही घाई नाही.

सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करू. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे आणि त्याचा जोर व दिशा सारखी थोडीथोडी बदलत असते. ते बदल टिपणे हे या वेधशाळेचे काम. पूर्वी हे काम मुंबईत कुलाब्याला चाले, १८४१ सालापासून. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणायचे ठरले. विजेचा प्रवाह वाहिला की त्याच्याभोवती चुंबकत्व तयार होते. म्हणजे ट्राम धावली की उपकरणाचा काटा हलणार, आणि तो पृथ्वीमुळे हलला की ट्राममुळे, हे कळायला मार्ग नाही. म्हणून १९०४ साली अलिबागला नवीन वेधशाळा सुरू झाली. त्या वेळी नानाभॉय अर्देशर फ्रामजी मूस हे संचालक होते. कुलाब्याच्या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे एकमेकांशी लावून बघता येतील. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ साली. अलिबागच्या इमारतीला चुंबकत्व नसलेला दगड निवडून लावला आणि लोखंड टाळून तांब्या-पितळेचे सामान वापरले. उपकरणाशेजारी साधी लोखंडी किल्ली ठेवली तरी आकडा बिघडतो, मग खिडकीची बिजागरी लोखंडाची ठेवून कसे चालेल?

यातून पहिला धडा मिळतो. आपण कुठून, कशाने आणि कसे पाहतो याचा परिणाम आपल्याला जे दिसते त्यावर होतो. पण एक लक्षात घ्या. ट्राममुळे मोजणी बिघडत होती. पृथ्वीचे चुंबकत्व आपल्या जागी होते, कोणी मोजो वा न मोजो. निदान इथपर्यंत तरी "पाहिले म्हणून घडले" असे म्हणता येत नाही.

आता इलेक्ट्रॉनकडे वळू. इलेक्ट्रॉन म्हणजे अणूतला अगदी लहान कण. तारेतून वीज वाहते ती त्याच्यामुळे.

अशी कल्पना करा की बंदराच्या धक्क्याला शेजारी शेजारी दोन फटी आहेत. समुद्राची लाट आली तर ती दोन्ही फटींतून आत शिरते. आत दोन लाटा पसरतात आणि एकमेकींना भेटतात. काही ठिकाणी दोन्ही मिळून उंच होतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात आणि पाणी शांत राहते. म्हणजे आतल्या भिंतीवर एक आड एक पट्टे उमटणार. आता लाटेऐवजी नारळ फेका. नारळ एक तर या फटीतून जाईल नाही तर त्या. आत दोनच ढीग पडतील, पट्टे उमटणार नाहीत.

इलेक्ट्रॉन या दोघांपैकी कोणासारखा? जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एकेक इलेक्ट्रॉन सोडून हा प्रयोग करून दाखवला. पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा एकच ठिपका पडतो, नारळासारखा. दहा-वीस ठिपके पडले तोवर काहीच अर्थ लागत नाही. हजारो ठिपके पडले की त्यांतून पट्टे दिसू लागतात, लाटेसारखे. गंमत म्हणजे एका वेळी आत एकच इलेक्ट्रॉन होता. मग तो कोणाशी भेटला? शास्त्र सांगते की प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या हिशोबात दोन्ही वाटा धराव्या लागतात.

आणि आता खरी गोम. तो कोणत्या फटीतून गेला याचा माग काढायची सोय तिथे केली, तर पट्टे नाहीसे होतात! नुसते ढीग उरतात. हाच तो प्रसिद्ध मुद्दा. इथूनच लोक म्हणू लागले, "बघा, माणसाने पाहिलं म्हणून इलेक्ट्रॉन बदलला."

इथे "पाहणे" हा शब्द आपल्याला फसवतो. आपण पाहणे म्हटले की डोळे आणि मन आठवतात. भौतिकशास्त्रात त्याचा अर्थ इतकाच, की त्या कणाचा दुसऱ्या कशाशी तरी असा संबंध आला की त्याच्या वाटेची खूण मागे राहिली. ती खूण कोणी वाचली की नाही याला महत्त्व नाही.

ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून हे फार छान कळते. सत्तर कार्बन अणूंचा मिळून झालेला, चेंडूसारखा एक रेणू आहे. असले रेणूसुद्धा लाटेसारखे पट्टे दाखवतात. शास्त्रज्ञांनी हे रेणू तापवत नेले. तापलेले लोखंड जसे लाल होऊन प्रकाश टाकते, तसे हे रेणू उडता उडता स्वतःच प्रकाशाचे कण टाकू लागले. रेणू जेवढा जास्त तापला तेवढे पट्टे पुसट होत गेले आणि शेवटी गेलेच. कारण बाहेर पडलेला प्रकाश रेणूच्या वाटेची बातमी सोबत घेऊन जात होता. त्या प्रकाशाकडे कोणी बघत बसले नव्हते, तो उपकरणाच्या भिंतीत विरून गेला. तरी पट्टे गेले. म्हणजे माणसाच्या मनाची इथे गरज लागली नाही.

तुम्ही म्हणाल, मग ही अलिबागच्या ट्रामचीच गोष्ट झाली. मोजताना धक्का लागला, एवढेच. नाही, मित्रहो, ती उपमा इथे अपुरी पडते. हे मी लपवणार नाही, कारण शास्त्राचे जे खरोखर चकित करणारे आहे तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

समजा चपलांचा एक जोड आहे. एक चप्पल एका खोक्यात घालून मुंबईला पाठवली, दुसरी महाडला. मुंबईचे खोके उघडले आणि उजवी निघाली, तर महाडला डावी आहे हे त्याच क्षणी कळते. यात चमत्कार नाही, ते पाठवतानाच ठरलेले होते. आइन्स्टाइन यांचा आग्रह होता की कणांच्या जोड्यांचेही असेच असले पाहिजे. आपण पाहत नसताना चंद्र तिथे नसतो का, असा त्यांचा सवाल होता. पुढे १९६४ साली जॉन बेल यांनी एक कसोटी काढली. उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि एकीकडच्या मोजणीचा दुसरीकडे ताबडतोब परिणाम होत नसेल, तर दोन्हीकडची उत्तरे किती जुळतील याला एक मर्यादा आहे. निसर्ग ती मर्यादा पाळतो का, ते मोजून बघायचे. अमेरिकेत जॉन क्लॉझर यांनी १९७२ साली, फ्रान्समध्ये अलँ आस्पे यांनी १९८२ साली आणि पुढे व्हिएन्नाच्या आंटोन त्सायलिंगर यांनी असे प्रयोग केले. मर्यादा ओलांडली गेली. या कामासाठी तिघांना २०२२ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वीरेंद्र सिंह आणि एस. एम. रॉय यांनीही या प्रश्नांवर संशोधन केले आहे.

याचा अर्थ काय? चपलेसारखे "सगळे आधीच ठरलेले, आपण फक्त खोके उघडतो" हे साधे चित्र कणांच्या जगात चालत नाही. कोणती मोजणी करायची हे ठरवले की त्या मोजणीतून उत्तर जन्माला येते, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. इथपर्यंत "पाहण्याला महत्त्व आहे" हे म्हणणे खरे आहे.

पण आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढा एक घरी घेऊन जा. प्रश्न कोणता विचारायचा ते आपण निवडतो, उत्तर काय यावे ते आपण निवडू शकत नाही.

उन्हाच्या चष्म्याची एक पोलरॉइड काच असते. ती काच ठरावीक कोनात धरली, तर समोरून आलेला प्रकाशाचा एक कण पार जाण्याची शक्यता निम्मी आणि अडकण्याची निम्मी, असे करता येते. काच कोणत्या कोनात धरायची, हे माझ्या हातात. पण हा पुढचा कण पार जाईल की अडकेल? ते राजाच्याही हातात नाही. तुम्ही डोळे मिटून कितीही तीव्र इच्छा करा, शंभरांत सुमारे पन्नासच जाणार. ज्ञानी बघो, अडाणी बघो, नाहीतर नुसते यंत्र ठेवा, हिशोब तोच. म्हणून "मनात आणाल ते घडेल" असे क्वांटम शास्त्र कुठेही म्हणत नाही. उलट ते सांगते की निसर्गाच्या पायाशीच अशी एक गोष्ट आहे जिथे तुमची मर्जी चालत नाही.

मग दुसरा प्रश्न येतो. कण असे वागतात, तर आपल्या होड्या, माडाची झाडे, समोरची खांदेरी-उंदेरी ही बेटे अशी का वागत नाहीत? उत्तर मघाशीच आले. खूण मागे राहिली की लाटेचा खेळ संपतो. खांदेरीवर दर क्षणाला हवेचे अगणित कण आपटतात, उन्हाचा प्रकाश पडून परततो, लाटा धडकतात. या सगळ्यांत बेटाच्या जागेची खूण नोंदली जात असते. गावातल्या कोणी किनाऱ्यावर येऊन पाहिले नाही तरी भर अंधारात खांदेरी जागेवरच राहते. रात्री मासेमारीला जाणाऱ्याला हे कोणी शिकवायला नको. न दिसणाऱ्या खडकावरही होडी फुटते.

सगळेच कोडे सुटले आहे का? नाही. अनेक शक्यतांमधून एकच उत्तर हाती कसे येते, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. नील्स बोर यांचा एक पक्ष, डेव्हिड बोम यांचा १९५२ सालचा दुसरा, ह्यू एव्हरेट यांचा १९५७ सालचा तिसरा. युजीन विग्नर नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९६१ साली जाणिवेला यात भूमिका असावी असे लिहिले होते, आणि पुढे ते मत त्यांनी स्वतःच सोडले. मोबाइलवरचे वक्ते विग्नर यांचे पहिले मत सांगतात, दुसरे सांगत नाहीत. शिवाय यातल्या कोणत्याही पक्षाचे खरे मानले तरी आकडे तेच येतात. शंभरांतले पन्नास पन्नासच राहतात.

आता आपल्या संसारात काय फरक पडतो ते बोलू. बाजारात क्वांटम नावाचे एक यंत्र फिरते. हातात एक दांडा धरायला देतात आणि दोन मिनिटांत काळजापासून मूत्रपिंडापर्यंत सगळ्याचा छापील रिपोर्ट काढतात. मग त्याच टेबलावर औषधाच्या डब्या विकायला असतात. असल्या रिपोर्टवर विसंबून कोणी साखरेची गोळी बंद केली, टीबीचा कोर्स अर्धवट सोडला, तर जीव जाईल. माता-भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे, रक्त तपासा, सरकारी दवाखान्यात दाखवा, चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

खरे क्वांटम शास्त्र कामाला येते ते दुसरीकडे. इस्पितळातला एमआरआय घ्या. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे असतात, ती चुंबकात विशिष्ट वेगाने डोलतात, आणि त्यावरून आतले चित्र मिळते. याच तत्त्वावर चालणारी उपकरणे जगभरच्या चुंबकीय वेधशाळांमध्ये पृथ्वीचे चुंबकत्व मोजतात. केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यातले सूक्ष्म मोजमापाचे केंद्र पवईच्या आयआयटीला मिळाले आहे. आपल्या मुलांनी तिथे जावे. पण त्यासाठी गणित पक्के लागते, मंतरलेले कडे घालून भागत नाही.

आणखी एक गोष्ट मला याहून जास्त खुपते. "वास्तव तुमच्या विचारांतून घडतं" असे म्हटले की त्याची दुसरी बाजू आपोआप येते. तुम्ही गरीब आहात, कारण तुमचे विचार गरीब. तुम्हाला कमी लेखले जाते, कारण तुम्ही स्वतःला कमी समजता. म्हणजे दोष पुन्हा आपल्याच माथी! पूर्वी सांगत, गेल्या जन्माचे पाप. आता सांगतात, या जन्मीचे निगेटिव्ह विचार. पाटी बदलली, माल जुनाच.

यावर उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. हायझेनबर्ग यांचा अनिश्चिततेवरचा गाजलेला निबंध जर्मनीतल्या नियतकालिकाकडे पोचला तो २३ मार्च १९२७ रोजी. त्याच्या तीनच दिवस आधी, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, तारखा योगायोगाने जवळ आल्या. पण तळ्याकडे बघून शिकण्यासारखे आहे. आपल्या माणसांनी पाणी घेतले आणि लोकांनी तळे बाटले असे मानले. मग शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरींनी ते शुद्ध केले म्हणे. पाण्यात काय बदलले होते? हात लागण्याआधी जे पाणी होते तेच नंतरही होते. विटाळ बघणाऱ्याच्या नजरेत होता. पण त्या नजरेचे परिणाम खरे होते. त्या दिवशी आपल्या माणसांची डोकी फुटली, ती काही कल्पनेत फुटली नाहीत.

म्हणजे माणसांच्या नजरेने घडणारे एक वास्तव जरूर असते. ते समाजाचे वास्तव. जात तशी आहे. ते माणसांनी घडवले म्हणून माणसांना मोडता येते. पण कसे? घरी बसून चांगले विचार करून नव्हे. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, तो कागदावर पडून होता. हजारो पावले तळ्यापर्यंत चालत गेली, कोर्टात वर्षानुवर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. संघटना, कायदा आणि पुरावा यांनी वास्तव बदलले. त्याला क्वांटमचे नाव द्यायची गरज नाही.

शेवटी, बुद्धांचे नाव यात ओढले जाते त्याविषयी दोन शब्द. धम्मपदाची पहिली गाथा मनाविषयी आहे हे खरे. पण ती माणसाचे बोलणे, वागणे आणि त्यातून येणारे सुख-दुःख यांविषयी आहे, इलेक्ट्रॉनविषयी नाही. कार्लो रोव्हेली या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात नागार्जुनांविषयी आदराने लिहिले आहे. कोणतीही वस्तू एकटी, स्वतंत्र नसते, संबंधांतून असते, हे साम्य विचार करण्याजोगे आहे. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. धम्म प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटवर उभा नाही. आणि उद्या भौतिकशास्त्राचे मत बदलले तर काय, धम्म खोटा ठरवणार? कालामांना बुद्धांनी सांगितले ते हेच, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. त्यात आपण एवढेच जोडू, की "क्वांटम" म्हटले म्हणूनही मानू नका.

म्हणून बालमित्रांनो, कोणी शास्त्राच्या नावाने काही सांगितले की तीन प्रश्न विचारा. हे कोणी मोजले? कशाने मोजले? आणि त्याच्यावर विश्वास नसलेल्या माणसाने मोजले तरी तेच येते का? मूस साहेबांनी कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकदमच नोंदी ठेवल्या, त्या याचसाठी. समितीला माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्धापनदिनाआधी रीतसर परवानगी काढून मुलांना अलिबागची वेधशाळा दाखवून आणा. खर्च फक्त एसटीच्या तिकिटाचा.

 एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!